मोठ्या बाईंचं लॉगिन

मोठ्या बाईंच्या टेबलावर जाड काच होती आणि काचेखाली एका चिठ्ठीवर ठळक अक्षरात लिहिलेला पासवर्ड. वाचणाऱ्याला मान तिरकी करायला लागू नये म्हणून चिठ्ठीचं तोंड दाराकडे केलेलं होतं. बाईंचा स्वभावच तसा. समोरच्याची अडचण होता कामा नये.

वर्षभरापूर्वी ही शाळा एका मोठ्या संस्थेने पंखाखाली घेतली. घेताना संस्थेने गळकं छप्पर नीट करून दिलं, नव्या खुर्च्या दिल्या आणि एक वेबसाइट दिली. तेव्हापासून मुलांचं सगळं त्या वेबसाइटवर. हजेरी, गुण, पत्ता, पालकांचे फोन, कुणाला दमा आहे, कुणाला शाळा सुटल्यावर कोण न्यायला येतं. प्रत्येक शिक्षकाला वेगळं लॉगिन मिळणार होतं, पण कुणाला काय दिसावं ते मुख्याध्यापिकेने ठरवून कळवायचं होतं. ठरवायचं म्हणजे कुणाला तरी 'नाही' म्हणणं आलं. आणि मोठ्या बाईंच्या तोंडून 'नाही' हा शब्द शेवटचा कधी निघाला ते त्यांच्या नवऱ्यालाही आठवत नव्हतं. तेव्हा त्यांनी सोपी वाट धरली. सगळंच्या सगळं दिसणारं एक लॉगिन त्यांचं स्वतःचं होतं, ते त्यांनी सगळ्या शाळेला देऊन टाकलं.

शाळेच्या ते इतकं अंगवळणी पडलं, की संगणकाच्या लेखी मोठ्या बाई एकाच वेळी चौथीच्या चित्रांना श्रेणी देत होत्या, धावण्याच्या संघाची वयं तपासत होत्या आणि वाचनालयाची पुस्तकं दाबून बसलेल्यांचे पत्ते काढत होत्या. प्रत्यक्षात त्या खिडकीशी उभ्या राहून चहा पीत असत.

"बाई, हे म्हणजे सगळ्या घराने दात घासायला एकच ब्रश वापरण्यासारखं आहे," संगणक शिकवणारे सर दर आठवड्याला म्हणायचे.

"आपलीच माणसं आहेत हो," बाई म्हणायच्या.

आपली माणसं शाळेबाहेरही होती. संस्थेला दर महिन्याला एक रिपोर्ट भरून द्यावा लागे आणि बाईंना टाइप करायचं म्हणजे एकेक अक्षर हुडकून, गळाला लावून वर काढावं लागे. संस्थेच्याच टेकडीवरच्या शाळेची मुख्याध्यापिका ही त्यांची अध्यापक विद्यालयापासूनची मैत्रीण. तिथल्या मुलींनी दोघींना तेव्हाच नावं ठेवून दिलेली. तिला 'धांदल' आणि ह्यांना 'निवांत'. पहिलाच रिपोर्ट अडला तेव्हा धांदलने फोनवर सांगितलं होतं, "अगं, तुझं पूर्ण होईतो मुलं पास होऊन जातील. पासवर्ड सांग इकडे, मी भरते." निवांतने सांगितला. तेव्हापासून दोन्ही शाळांचे रिपोर्ट एकाच खुर्चीतून जात होते आणि संस्था दोघींवर खूश होती.

त्या दुपारी दारात पाचवीतल्या एका मुलीची आई उभी राहिली. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करणारी बाई. कामावरून थेट आली असावी, बोटांच्या चिरांत पांढरी भुकटी तशीच होती. बसायला सांगितलं तरी बसली नाही. हातातला फोन पुढे केला.

"पालकसभेचा मेसेज आलाय. त्यावर ह्या संस्थेचं नाव आहे. टेकडीवरची शाळा यांचीच ना?"

"हो, आता आपणही त्यांचेच. पण काळजी नको, फी वाढणार नाही."

"फीची काळजी नाही, बाई. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका माझ्या नणंद आहेत."

"अय्या! म्हणजे तुम्ही आमच्या धांदलच्या..." म्हणता म्हणता बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि पुढचं वाक्य तोंडातच ठेवलं.

"मी मुलीला घेऊन घर सोडलंय," आई म्हणाली. "नवरा मारायचा. कोर्टाने सांगितलंय, आमच्या जवळ फिरकायचं नाही. तरी आधीच्या घराचा पत्ता त्याने कुठून तरी मिळवलाच. केलं काही नाही त्याने. समोरच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. सकाळपासून अंधार पडेपर्यंत. नुसता बसला. त्यानंतर मुलगी कितीतरी दिवस बोलेना. मग हे घर शोधलं, ही शाळा शोधली. तेव्हा ही शाळा कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणूनच घातलं तिला इथे. आणि आता म्हणे सगळं एका ठिकाणी. नाव टाकलं की पत्ता. आमच्यात नि त्याच्यात आता एवढंच अंतर राहिलंय."

"तसं नाही," मोठ्या बाई ठामपणे म्हणाल्या. "प्रत्येक मुख्याध्यापिकेला आपापल्या शाळेपुरतंच दिसतं. तुमच्या नणंदेला इथलं काही दिसत नाही. इथला पत्ता इथेच राहील. मी शब्द देते."

"मग कुणाला दिसतो?"

"फक्त माझ्या लॉगिनला."

हे म्हणताना बाईंची नजर खाली गेली. काचेखालून चिठ्ठी दाराकडे, म्हणजे नेमकी त्या आईकडे तोंड करून पडली होती. बाईंनी सहज म्हणून हजेरीचं जाड रजिस्टर तिच्यावर सरकवलं. आईने रजिस्टरकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "तुमच्या शब्दावर जाते."

ती गेल्यावर मोठ्या बाई खुर्चीत बसल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की चिठ्ठी ही त्यातली लहान भानगड आहे. चिठ्ठी काढून फाडता येते. धांदलच्या डोक्यातला पासवर्ड कसा फाडायचा?

त्यांनी संगणकसरांना बोलावून घेतलं. "पासवर्ड बदला. आत्ता. माझ्यासमोर."

सरांचा चेहरा असा उजळला, जणू वर्षभराच्या नवसाला आज कौल मिळाला होता. त्यांनी तिथल्या तिथे पासवर्ड बदलला. बाईंनी घसा साफ केला.

"आणि एका मुलीचं पान आजवर कुणी कुणी उघडलं, ते कळतं का?"

"कळतं की. संगणक सगळं लिहून ठेवतो." सरांनी पान काढलं आणि वाचायला लागले. "मोठ्या बाई. मोठ्या बाई. मोठ्या बाई..."

"पुढे?"

"पुढेही तुम्हीच. शेवटपर्यंत तुम्हीच." सरांना खरं तर 'मी सांगत होतो' म्हणायचं होतं, पण बाईंचा रंग बघून त्यांनी ते गिळलं. "नाव एकच असलं तरी कुठल्या मशीनवरून उघडलं, त्याची नोंद संस्थेकडे असते. मागवून बघतो. वेळ लागेल थोडा."

थोडा वेळ म्हणजे किती, हे कुठल्याच ऑफिसात कुणाला सांगता येत नाही. तोवर बाईंची गत अशी झाली की धांदलला विचारावं तर विचारण्यातच सांगून टाकल्यासारखं होणार. तिने काही पाहिलंच नसेल, तर 'अमकी मुलगी दिसली का गं?' म्हणून आपणच वाट दाखवायची. आणि न विचारावं, तर रोज शाळा सुटताना फाटकासमोरच्या प्रत्येक पायरीकडे बघत बसायचं. त्या दिवसापासून त्या बघायला लागल्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी शाळा बंद पडली. मुलं होती, शिक्षक होते, घंटाही वेळेवर झाली, पण बाईंचं लॉगिन चालेना. हजेरी कुठे भरायची, गुण कुठे टाकायचे, कुणाला काही सुचेना. मधल्या सुट्टीत सगळेजण बाईंच्या खोलीत जमले. चेहरे असे, जणू कुणीतरी पाण्याचा नळ कापून नेला आहे.

"आता प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन," मोठ्या बाई म्हणाल्या. "ज्याला कामापुरतं जे लागतं ते दिसेल. सांगा कुणाला काय हवं."

पहिले उठले ते मैदानाचे शिक्षक. गळ्यातली शिट्टी झोपतानाही काढत नाहीत असा बोलवा होता, म्हणून नाव शिट्टीसर. "मला मुलांच्या तब्येतीचं दिसलं पाहिजे. मैदानावर कुणी कोसळलं तर?"

"बरोबर आहे. दिलं."

"आणि गुण."

"गुण कशाला? गुण घेऊन पळायचंय का मुलांना?"

"चित्रकलेच्या बाईंना दिसतात ना?"

"मला दिसले नाहीत तरी चालेल हो," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. "पण ह्यांना दिसणार असतील तर मलाही दिसू देत."

"मला सगळ्यांचे पत्ते," ग्रंथपाल म्हणाल्या. "पत्ते नसले तर पुस्तकं परत येत नाहीत."

"पत्ते असले की येतात?"

"येत नाहीत. पण आशा राहते."

अर्धा तास असा गेला. आपल्याला काय लागतं हे कुणालाच नीट माहीत नव्हतं, शेजारच्याला काय मिळतंय ते मात्र प्रत्येकाला तोंडपाठ होतं. मोठ्या बाईंना त्यांच्या सासरच्या वाटण्या आठवल्या. दोघा दिरांचं भांडण नेमकं माळ्यावरच्या त्या खोलीवरून जुंपलं होतं जिच्यात कुणी राहत नव्हतं. शेवटी सासऱ्यांनी जाहीर केलं की ज्याची खोली, त्याने तिच्यातलं अडगळीचं सामान खाली आणून टाकायचं. त्या संध्याकाळपासून ती खोली दोघांनाही नकोशी झाली.

"ठीक आहे," मोठ्या बाई गोड हसून म्हणाल्या. ते हसू ओळखणारं त्या खोलीत कुणी नव्हतं. "ज्याला जे हवं ते घ्या. मी कुणाला नाही म्हणणार नाही. फक्त एक करणार आहे. तुमच्या मुलाची कुठली माहिती शाळेत कोणाला दिसते, हे मी पालकांना नावानिशी कळवणार. आणि त्याबद्दल काही विचारायचं असेल तर पालकांनी त्याच व्यक्तीला गाठायचं. गुण ज्यांना दिसतात त्यांच्याशी गुणांबद्दल बोलायचं. पत्ता ज्यांना दिसतो त्यांनी तो केव्हा आणि कशाला बघितला, ते सांगायचं. आता प्रत्येकाचं नाव संगणकात वेगळं उमटणार आहे, त्यामुळे आठवत नाही म्हणायचीही सोय नाही."

शिट्टीसर शिट्टी चाचपायला लागले.

"म्हणजे... सगळ्या इयत्तांचे पालक माझ्याकडे?"

"सगळे गुण दिसणार ना तुम्हाला? गणिताचेही आले त्यात."

"गणिताचे?" शिट्टीसर खुर्चीत खाली सरकले. "मला आपलं मैदानापुरतं पुरे, बाई. दमा, फिट, मोडलेली हाडं. बाकीचं ज्याचं त्याला लखलाभ."

"ह्यांना नको असेल तर मलाही नको," चित्रकलेच्या बाईंनी लगोलग सांगून टाकलं.

ग्रंथपाल आशेवर जगणाऱ्या होत्या. "पालकांच्या फोनवर शाळेमार्फत मेसेज गेला तरी चालेल," त्या शेवटी म्हणाल्या. "पत्ता नको. एखादी आई उलट दारात यायची माझ्या."

चहाचे कप गोळा होईपर्यंत ज्याच्या त्याच्या वाट्याला त्याच्या कामाएवढंच उरलं होतं, आणि गंमत म्हणजे प्रत्येकाला आपण शेजाऱ्याला गंडवल्यासारखं वाटत होतं.

"आता शेवटचं," संगणकसर म्हणाले. "काही मुलांचे पत्ते झाकून ठेवता येतात. ते शाळेत एकाच माणसाला उघडता येतील. तुमचं नाव टाकतो."

"थांबा."

मोठ्या बाईंनी स्वतःला नीट न्याहाळून पाहिलं, एखाद्या उमेदवाराची मुलाखत घेताना पाहावं तसं. धांदल फोनवर मऊ आवाजात 'अगं' म्हणणार. दुसऱ्यांदा 'अगं निवांत' म्हणणार. तिसऱ्यांदा ती म्हणेपर्यंत आपण पत्ता पिनकोडसकट वाचून दाखवलेला असेल. उमेदवार नापास.

त्यांची नजर कोपऱ्यात बसलेल्या लेखनिकावर गेली. हा गृहस्थ खडूच्या पेटीसाठी अर्ज मागायचा, आणि अर्जाला कोरा कागद मागितला तर आधी त्याचा अर्ज करा म्हणायचा. शाळा त्याला अर्जबुवा म्हणायची, तोंडावरसुद्धा. त्याच्या नावाने बोटं मोडली नाहीत असं एक माणूस त्या इमारतीत नव्हतं.

"बुवा, तुमच्याकडे कुणी झाकलेला पत्ता मागितला तर काय कराल?"

"लेखी अर्ज, ओळखपत्र आणि आईची सही. आई येऊन समोर सही करेल."

"मी मागितला तर?"

"तुम्हालाही तेच, बाई," अर्जबुवा जरा दुखावून म्हणाले. "नियम काय माणूस बघून बदलायचा?"

हे वाक्य त्यांनी बाईंना आजवर शेकडो वेळा ऐकवलं असेल. ऐकून आनंद झाल्याची ही पहिलीच वेळ. "सर, बुवांचं नाव टाका," बाई म्हणाल्या. "आणि माझं काढून टाका."

फोन आला तो दुसऱ्याच दिवशी.

"निवांत! अगं, तुझा पासवर्ड चालेना."

"बदललाय."

पलीकडे थोडं थांबल्यासारखं झालं. धांदल आणि थांबणं, हे बाईंनी कधी ऐकलं नव्हतं. "मग रिपोर्ट?"

"मी भरीन."

"तू?" पण त्या प्रश्नामागून नेहमीचं हसू आलं नाही. "आज शाळा सुटल्यावर येशील? इकडे वर. बोलायचंय."

टेकडीचा चढ मोठ्या बाईंनी वाक्यं जुळवत चढला. एकही वाक्य धड जुळलं नाही. शाळा रिकामी झाली होती, खुर्च्या बाकांवर उलट्या टाकलेल्या होत्या आणि ओल्या फरशीला फिनेलचा वास येत होता. धांदल आपल्या खोलीत संगणकासमोर बसली होती. बोटं मात्र मांडीवर.

"माझ्या लॉगिनमधून," बाईंनी खुर्ची ओढता ओढताच विचारून टाकलं, "रिपोर्ट सोडून आणखी काही बघायचीस का गं?"

"बघितलं." धांदलने हात वर केला. "थांब. तू हो म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस. नुसतं ऐक. परीक्षेच्या महिन्यात रिपोर्ट भरताना पाचवीची पानं उलटत होते, आणि एक फोटो समोर आला. केस कापलेत. हनुवटी अगदी आमच्या आईची. बघतच बसले. त्या पानावर पत्त्याचं एक बटण असतं. ते दाबलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा उघडलं, त्याच्या पुढच्या महिन्यातही. फोटोच बघायला. बटण नाही दाबलं."

"का?"

"मला खोटं बोलता येत नाही. वसतिगृहात काच कुणी फोडली म्हणून रेक्टरबाईंनी विचारलं, तेव्हा मी तोंडातून ब्र काढला नव्हता, पण बघितलं होतं तुझ्याकडेच."

"आठवतंय. स्वयंपाकघरात पोतंभर लसूण सोलायला लावला होता त्यांनी मला."

"भाऊ रोज फोन करतो. म्हणतो, त्या दोघी कुठेत ते तुमच्या संस्थेच्या कॉम्प्युटरात बघ. मी म्हणते, मला दुसऱ्या शाळांचं दिसत नाही. पण ते म्हणताना माझा आवाज फुटतो, कारण दिसत होतं ना मला, तुझ्या कृपेने. त्याला कळतं ते. आता म्हणतो, शनिवारी येतो, माझ्यासमोर बसून उघडून दाखव." धांदलने डोळे टिपले आणि मग हसली. "सकाळी रिपोर्टासाठी तुझा पासवर्ड टाकला. चालेना. पुन्हा टाकला. चालेना. निवांत, मी ह्या खुर्चीत एकटी बसून हसले. शनिवारी तो आला की त्याच्यासमोर हवी तेवढी बोटं चालवीन. खरंच काही दिसणार नाही."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू तेव्हाच पासवर्ड बदलला असतास. मग फोटो कुठून दिसला असता?"

मोठ्या बाईंनी मैत्रिणीचा हात हातात घेतला आणि दोघी उलट्या खुर्च्यांकडे बघत बसून राहिल्या.

शनिवारी भाऊ आला. धांदलने त्याला आपल्या शाळेची पानं एकामागून एक दाखवली, हजेरीपासून पाणी तपासणीच्या अहवालापर्यंत, आणि पाणी तपासणीला तो जांभया द्यायला लागला. जाताना तिने त्याला सांगितलं की यापुढे हा विषय काढायचा असेल तर फोन करायचा नाही. त्याने दुसऱ्याच दिवशी काढला, तिने त्याचा नंबर बंद करून टाकला. म्हणजे तिनेही एक लॉगिन काढूनच घेतलं.

सोमवारी संगणकसर संस्थेकडून आलेली नोंद घेऊन आले. टेकडीवरच्या मशीनवरून त्या मुलीचं पान तीनदा उघडलं होतं. पत्त्याचं बटण एकदाही दाबलेलं नव्हतं. मोठ्या बाईंनी विश्वास टेकडीवरच ठेवला होता. तपासलं ते नंतर. दोन्ही केल्याचं त्यांना बरं वाटलं.

मग त्यांनी आईला बोलावून सगळं सांगितलं. चिठ्ठी, फोन, रिपोर्ट, काही म्हणता काही मागे ठेवलं नाही. आई ऐकत होती आणि टेबलाच्या काचेवरचा एक चरा नखाने चाचपत होती.

"चिठ्ठी मी त्या दिवशीच वाचली होती," ती म्हणाली. "तोंड माझ्याकडेच होतं ना तिचं. घरी गेले आणि बॅग भरली. म्हटलं, आणखी एक शाळा, आणखी एक घर. मुलीला काय सांगायचं तेवढं ठरत नव्हतं. मग तुमचं ते कळवणं आलं, कुणाला काय दिसतं त्याचं. पत्त्यापुढे एकच नाव होतं, आणि ते तुमचं नव्हतं." तिने मान वर केली. "तेव्हा बॅग रिकामी केली."

मोठ्या बाईंनी चिठ्ठी होती तिथली काच पदराने पुसायला घेतली. आईने त्यांना थोडा वेळ पुसू दिलं. तेवढा हक्क तिचा होता.

"फोटो बघायला उघडत होत्या?" तिने मग विचारलं.

"म्हणाली, हनुवटी आईची आहे."

"आहेच मुळी." आई खिडकीकडे वळली. "तिला चालायला वन्संनीच शिकवलं. मी कामावर असायचे दिवसभर. ती अजून विचारते, आत्या कुठेय म्हणून." मग तिचा आवाज कामाचा झाला, चष्म्याचा नंबर सांगावा तसा. "त्यांच्या कॉम्प्युटरवर काही द्यायचं नाही. घरचा पत्ता नाही, फोन नाही. इथे, ह्या खोलीत येऊन बघू देत. प्रगतिपुस्तक बघितलं तरी चालेल. आणि मी इथे असताना. आणि मला वाटलं की बंद."

"तुम्ही म्हणाल तेव्हा," मोठ्या बाई म्हणाल्या.

महिनाअखेरीला धांदल टेकडी उतरून आली, निवांतला रिपोर्ट भरायला शिकवायला. दारातच अर्जबुवांनी तिला अडवलं आणि अर्ज मागितला. तिने पर्समधून काढून दिला, आईने बुवांसमोर बसून सही करून पाठवलेला. बुवांनी तो उजेडात धरून दोनदा वाचला आणि बाजूला झाले.

बाई एका बोटाने एकेक अक्षर हुडकत होत्या. धांदल शेजारी बसून स्वतःचे हात आवरत होती, आणि मधूनमधून आईने येऊन समोर ठेवलेलं प्रगतिपुस्तक पुन्हा पुन्हा उलटत होती.

"गणितात एवढे कमी कसे गं?"

"गुणांबद्दल गणिताच्या बाईंशी बोलायचं. माझ्याकडे गणित नाही."

"आणि चित्रकलेत एवढे जास्त?"

"चित्रकलेच्या बाई. त्याही आता फक्त चित्रकलेचंच बोलतात."

"तुझ्याकडे मग आहे काय, निवांत?"

"रिपोर्ट," बाई म्हणाल्या आणि आणखी एक अक्षर गळाला लावून वर काढलं.

तेवढ्यात दाराशी कुणीतरी हळूच उभं राहिलं. आखूड केस, पाठीवर दप्तर, आणि मागे भुकटी लागलेल्या बोटांचा एक हात खांद्यावर.

"आत येऊ?" मुलीने विचारलं.

धांदलची बोटं प्रगतिपुस्तकावर थांबली. मोठ्या बाईंनी सवयीने 'ये की' म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. त्यांनी आईकडे पाहिलं.

आईने मुलीच्या खांद्यावरून दप्तर उतरवून घेतलं.

"जा," ती म्हणाली. "आत्या आहे."